रिकाम्या खोलीचे एक मिनिट

अंधांसाठी बोलकी पुस्तके तयार करणाऱ्या ग्रंथालयात तिला सगळे चट्बाई म्हणत. वाचणाऱ्याने तोंड उघडले की ओठांचा बारीकसा ‘चट्’ असा आवाज होतो. दुसऱ्या कुणाच्या तो लक्षात येत नसे. हिच्या येई, आणि आला की वहीत उतरे: पान बेचाळीस, सातवे मिनिट, एकोणीस सेकंद, चट्. मग वाचणाऱ्याला ते वाक्य पुन्हा वाचावे लागे. नाव पडले होते ते चिडण्यातून, पण बावीस वर्षांत ते लाडाचे होऊन गेले होते.

काम घरीच चाले. मांडीवर छापील पुस्तक, हातात पेन्सिल, कानांवर हेडफोन. चुकलेला शब्द, खुर्चीची करकर, पान उलटल्याची सळसळ, काहीही तिच्या हातून सुटत नसे. पण तिचे खरे कसब शांततेत होते. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी वाचणारा एक मिनिट गप्प बसतो आणि नुसती खोली रेकॉर्ड होते. पुढे कुठे खोकला कापून काढला, तर त्या जागी ही शांतता ठिगळासारखी लावायची असते. एकदा असे मिनिट ऐकून तिने स्टुडिओत फोन केला. तिथल्या वाचकबाई तिच्याच वयाच्या, तोंडाने फटकळ.

“तुमच्याबरोबर आज खोलीत कोण होतं?” हिने विचारले.

“कोणी नाही. म्हणजे... माझी बहीण बसली होती कोपऱ्यात विणत. पण मुकाट! सुईचासुद्धा आवाज नव्हता.”

“सुईचा नव्हताच. माणसाचा होता. पुन्हा करा.”

“तुमच्या कानांना दृष्ट लागेल हो एक दिवस!”

माणूस नुसता बसलेला असला तरी खोलीतली शांतता जरा दाट होते, असे ती म्हणे. ते कसे कळते, हे मात्र तिला सांगता येत नसे.

असे कान असलेल्या बाईला नऊ वर्षे एकच प्रश्न छळत होता, आणि तो एका हाकेचा होता.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी तिचा नवरा बरे वाटत नाही म्हणून ऑफिसातून लवकर घरी आला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. मधल्या खोलीत सासूबाई पलंगावर होत्या. ही बाहेरच्या खोलीत, दारांकडे पाठ करून कामाला बसली. तीनला हेडफोन घातले, पाचला काढले आणि चहा विचारायला आत गेली. तो पलंगाच्या अगदी कडेला होता आणि त्याचा एक हात दाराच्या दिशेने लांबलेला होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन दीडेक तास झाला असावा. फार वेळ त्रास झाला नसेल, असेही म्हणाले, पण ते तसे सगळ्यांनाच म्हणत असावेत.

त्याने तिला हाक मारली होती का? तो तिला नावाने कधी हाक मारत नसे. “अगं, ऐकलंस का?” एवढेच म्हणे. त्या दुपारी तो तसे म्हणाला होता का, हे सांगू शकेल असे एकच माणूस घरात होते, आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी तोंड उघडले नव्हते. घशात काही दोष नाही, असा डॉक्टरांचा निर्वाळा होता. उशाशी एक वाटी आणि चमचा असे. चमचा एकदा वाजला की हो, दोनदा वाजला की नाही. पहिल्याच वर्षी हिने धीर करून विचारले होते, “आई, त्यांनी हाक मारली होती का?” सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. चमचा वाजलाच नाही. ‘तू कान झाकून बसलीस’ असाच तिने त्याचा अर्थ घेतला आणि पुन्हा विचारले नाही. त्यांची औषधे, केस विंचरणे, नखे काढणे, सगळे ती वेळच्या वेळी करी. प्रश्न तेवढा राहून गेला होता.

हेडफोन मात्र तेच होते, त्या दुपारचे. कानांवरच्या गाद्यांचे काळे पापुद्रे खांद्यांवर पडत, ते झटकून ती ते पुन्हा घाली. टाकवत नव्हते. या वर्षी त्यांची उजवी बाजू कायमची गप्प झाली तेव्हा नाइलाज झाला आणि ती नवे घ्यायला दुकानात गेली.

दुकानदार पाठीत वाकलेला, थट्टेखोर गृहस्थ होता. तिने तपासायला बरोबर काय आणले आहे ते ऐकून त्याने चष्मा वर सरकवला.

“ताई, लोक आवडती गाणी घेऊन येतात. तुम्ही काय आणलंत, तर रिकामी खोली?”

“गाण्यात सगळं खपतं. रिकाम्या खोलीत काही लपत नाही.”

त्याने दोन जोड पुढे ठेवले. “हे बंद पाठीचे. कानांवर पातेलं पालथं घातल्यासारखं. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. आणि हे उघड्या पाठीचे. इथं झाकण नाही, नुसती जाळी आहे बघा. वाचणारा डोक्यात शिरून नाही, समोर बसून वाचतोय असं वाटेल. बारीक तपासणीला यांच्यासारखे दुसरे नाहीत. पण एक आहे. कानातलं खोलीला ऐकू जातं आणि खोलीतलं कानाला. घरात शांतता आहे ना? बोलणारं कोणी?”

“आमच्या घरात कोणी बोलत नाही.”

“मग तुमच्यासारखं भाग्यवान कोणी नाही!” तो हसला. ती हसली नाही.

बंद पाठीच्यातून तिने ते मिनिट ऐकले. स्वच्छ होते, पण बरणीत बसल्यासारखे. मग उघड्या पाठीचे घातले. एखादे दार कुणीतरी किलकिले ठेवून गेले आहे, असे वाटले. तिने मागे वळून पाहिले. दुकानाचे दार बंद होते. आठ दिवस वापरून ठरवा, असे म्हणून त्याने दोन्ही जोड दिले.

पहिले प्रकरण तिने बंद पाठीच्यातून तपासले, दुसरे उघड्या पाठीच्यातून. दुसऱ्यात ‘स’ची धार, श्वासाचे टोक, सगळे सोलून ठेवल्यासारखे ऐकू आले. दहाव्या मिनिटाला मात्र तिची पेन्सिल थांबली. तिने लिहिले: मागे दुसरा आवाज, बाईचा, अस्पष्ट. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. यादी स्टुडिओत गेली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला.

“चट्बाई, तुम्ही मला वेड लावणार आहात,” वाचकबाई म्हणाल्या. “दार लावून, पंखा बंद करून, घामानं निथळत तीनदा वाचलं मी. कुठली बाई नि कुठलं काय! आधीचंसुद्धा पुन्हा ऐकलं सगळ्यांनी. काही नाही त्यात.”

“बहीण?”

“ती परगावी आहे दोन महिने. आता मात्र लागली हो दृष्ट.”

बावीस वर्षांत तिची एकही नोंद खोटी ठरली नव्हती. कान तापले तिचे. त्या दुपारी तिने तेच जुने प्रकरण बंद पाठीच्यातून ऐकले. दहाव्या मिनिटाला काही नव्हते. मग उघड्या पाठीचे घालून पुन्हा लावले. दहाव्याला आताही काही नव्हते. चौदाव्याला होते.

रेकॉर्डिंगमधला दोष आपली जागा सोडत नाही. तो आवाज जागा बदलत होता. म्हणजे तो रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. प्रकरण संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. तिने हेडफोन काढले आणि वळून पाहिले. मधल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तीनला ती नेहमीसारखी बसली, पण समोरच्या कपाटाचे काचेचे दार तिने थोडे तिरके करून ठेवले होते. वाचन सुरू झाले. चौथ्या मिनिटाला काचेत हालचाल दिसली. भिंतीचा आधार घेत सासूबाई बाहेर आल्या आणि हिच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, स्टुलावर बसल्या. पण त्यांचे तोंड हिच्याकडे नव्हते. ते आतल्या खोलीच्या दाराकडे होते.

“जेवलास का रे?” त्या म्हणाल्या. नऊ वर्षे न वापरलेला आवाज असा नसतो. रोज वापरातला होता तो.

मग त्या थांबल्या. हिने सवयीने मोजले: चार सेकंद.

“मग मान अवघडणारच. उशी नीट घे.”

सहा सेकंद.

“हो, इथंच आहे ती. पाठ करून बसलीय.”

तीन सेकंद.

“नाही रे, राजा. तिला नाही ऐकू यायचं. कान झाकलेत तिचे.”

मांडीवरचे पान तिने उलटले, कारण वाचकबाईंनी तिकडे उलटले होते. म्हणजे रोज, नऊ वर्षे, ती हेडफोन घाली आणि तिच्या पाठीमागे ही बैठक बसे. मधल्या त्या थांबण्यांत तिने कान दिला. वाचनाखालची घरातली शांतता दोन माणसांची असायला हवी होती. ती तशी वाटत नव्हती.

उद्या आठवा दिवस होता. बंद पाठीचे ठेवून घेतले, तर हे सगळे पुन्हा झाकले गेले असते. तेही तिला जमले असते. पण मग तो प्रश्नही जन्मभर तसाच राहिला असता.

आठव्या दिवशी तीनला तिने उघड्या पाठीचेच घातले. सासूबाई आल्या, बसल्या.

“आज पाऊल जड दिसतंय तुझं,” त्या दाराकडे बघत म्हणाल्या. पुढचे शब्द वाचनात बुडाले. नीट ऐकू यावे म्हणून हिने हळूच बोट पुढे केले आणि वाचन थांबवले. इतक्या वर्षांच्या तपासणीबाईने करू नये अशी ती चूक होती. उघड्या पाठीचे हेडफोन. कानातले खोलीला ऐकू जात होतेच. आता ते जायचे थांबले.

मागे सासूबाईही थांबल्या. काचेत त्यांची मान हळूहळू हिच्याकडे वळली, आणि पुन्हा दाराकडे गेली.

“बघ,” त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. “त्या बाईचं वाचणं बंद केलं हिनं. चार-पाच दिवस तेही ऐकू येतंय मला. कान उघडे आहेत हिचे. आता मार हाक. आता ऐकू जाईल.”

ती हलली नाही. पाच सेकंद. आठ. अकरा. जिन्यात कुणाची चाहूल नव्हती, नळ गळत नव्हता. बाराव्या सेकंदाला आतल्या खोलीकडची शांतता जाड झाली. कुणीतरी बोलण्यापूर्वी श्वास घेते आणि खोली थांबते, तशी. त्या श्वासाची नोंद तिने आयुष्यात हजार वेळा केली होती. त्यानंतर शब्द आला नाही.

“नाही मारत,” सासूबाई म्हणाल्या. “दमलाय.” मग त्यांचा आवाज फुटला. “त्या दिवशी मारली होती. दोनदा. ‘अगं, ऐकलंस का,’ म्हणाला. मी जागी होते. मला वाटलं, बायकोला हाक मारतोय, ती जाईल. आईला मारली असती तर उठले असते. मी कूस बदलली गं, सूनबाई. कूस बदलून झोपले.”

हिने हेडफोन काढले आणि वळली. नऊ वर्षे जो आरोप तिने त्या बंद ओठांवर वाचला होता, तो तिच्यावरचा नव्हताच.

“दोनदाच?” तिने विचारले.

“दोनदाच. दुसरी बारीक होती.”

ती स्टुलापाशी खाली बसली. सासूबाईंनी तिच्या खांद्यावरच्या शिवणीत अडकून राहिलेला जुन्या गादीचा एक काळा पापुद्रा बोटांनी उचलला, निरखून पाहिला आणि स्वतःच्या मुठीत ठेवला. त्या दिवशी प्रकरण पुरे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बंद पाठीचे परत केले.

“पटले ना हे?” दुकानदार म्हणाला. “घरात शांतता आहे म्हणून. कोणी बोलणारं असतं तर मीच नको म्हटलं असतं.”

“बोलतात आता,” ती म्हणाली.

“अहो, मग हे बंदवाले घ्या! काम कसं होणार?”

“होईल. उघडेच राहू देत.”

काम होते, फक्त सावकाश होते. एकही खोटी नोंद पुन्हा गेलेली नाही. रोज तीनला सासूबाई आपले स्टूल आता तिच्या शेजारी ओढून घेतात. वाचन लावण्याआधी दोघी एक मिनिट गप्प बसतात, वाचकबाई पुस्तकाच्या आरंभी बसतात तशा. त्या मिनिटात चट्बाई खोलीतली माणसे मोजते. कधी दोन भरतात. कधी तिची पेन्सिल वहीवर तशीच थांबते, आणि ती विचारते, “आई, आहेत का?”

सासूबाई दाराकडे बघून घेतात. “झोपलाय,” म्हणतात. “लाव तू तुझं पुस्तक. आवाज जरा बारीक ठेव.”