कारल्याचा रस आणि निरोपाची मेल

निवृत्तीनंतर माणसाला सांभाळायला काहीतरी लागतं. मी आमच्या मराठी मंडळाचा ईमेल ग्रुप सांभाळायला घेतला. भिलाईच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले आम्ही लोक नेहरू नगर, स्मृति नगर, रुआबांध्यात विखुरलेले. एक मेल टाकली की सगळ्यांना पोचायची. हळदीकुंकू, कोजागिरी, कुणाची तेरवी, एवढ्यावर थांबायचं होतं. पण रिकामा माणूस मी, रोज सकाळी सुविचार पाठवू लागलो. सोबत आरोग्याचा सल्ला. कारल्याचा रस किती वेळा पाठवला ते विचारू नका.

शेजारचा जुना दोस्त भिलाई कायमची सोडून मुलाकडे पुण्याला निघाला होता. त्याला एकच घोर. "इतकी वर्सं काढली इथं, जाताना कोणी विचारते का पाहू."

"तू फक्त येऊन खुर्चीत बस," मी म्हटलं. निरोपाच्या कार्यक्रमाची मेल टाकली. फोन एकालाही केला नाही. मेल असताना फोन कशाला, ही माझी ऐट.

रविवारी हॉलमध्ये तो, वहिनी, मी आणि तर्री-पोह्यांचं पातेलं. तो दाराकडे पाहायचा, मग मुद्दाम पंख्याकडे.

शेवटी मी एकाला फोन लावला. "कोणती मेल? मले तं नाही आली." दुसऱ्याचंही तेच. स्पॅममध्ये पाहायला सांगितलं, तर दोघांचीही तिथंच पडलेली.

"असं कावून झालं असन?" मी दोस्ताला विचारलं.

तो पंख्याकडेच पाहत होता. "मी तं कधीचंच तुह्या मेलवर स्पॅम दाबलं."

"अबे, ग्रुपमधून निघायचं बटण होतं ना खाली."

"निघालो असतो तं तुले वाईट वाटलं असतं."

माझी ही भीड पुष्कळांनी ठेवली होती. इतके लोक स्पॅम म्हणतायत म्हटल्यावर मेलवाल्या कंपनीनंही ते खरं धरलं आणि ज्यांनी काही दाबलं नव्हतं त्यांच्याकडेही माझी मेल कचऱ्यात जाऊ लागली. हे सगळं समजून घ्यायलाही आता या वयात थकवा येतो.

घसा बसेपर्यंत फोन केले. लोक आले, काही तर घरच्याच कपड्यांत. "आधी सांगाचं ना, बाप्पा," प्रत्येकानं मलाच ऐकवलं. दोस्तानं गार पोहे दोनदा घेतले.

निघताना त्यानं मोबाइल काढला, स्पॅममधून निरोपाची मेल शोधून बाहेर काढली.

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"त्या राहू दे तिथंच."