डाव्या डोळ्याचा बांध

मुलीचा डावा डोळा आळशी आहे, हे शाळेच्या तपासणीत कळले. ती तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही नगर-दौंड रस्त्यावर काष्टीला राहत होतो. मी सोसायटीत नोकरीला, नवरा कारखान्यावर, आणि शाळा सुटली की मुलगी माझ्या सासऱ्यांपाशी, आबांपाशी. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला आणि रोज शाळेनंतर संध्याकाळपर्यंत एका डोळ्याला पट्टी लावायला सांगितली. मी कामे वाटून दिली. पट्ट्या आणणे नवऱ्याकडे, तपासणी माझ्याकडे, पट्टी लावणे आबांकडे. आम्ही दोघे घरी येईपर्यंत ती निघालेली असे.

काही महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा आबाही बरोबर होते. डावा डोळा सुधारला नव्हता. उलट तक्त्यावरच्या ज्या ओळी आधी वाचायचा, त्यातली एक आता अडत होती.

"पट्टी रोज लावता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"एक दिस चुकला न्हाई," आबा म्हणाले.

"लावून दाखवा."

आबांनी धोतराला हात पुसले, कागद सोलला आणि पट्टी डाव्या डोळ्यावर ठेवून कडा अंगठ्याने दाबल्या. काम नीटनेटके होते. डोळा चुकीचा होता.

"आजोबा, उजवा झाकायचा. चांगला."

"चांगला? दुखऱ्या पायाला पट्टी बांदत्यात का धडक्या? आं?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. डोळ्यांपासून मेंदूपर्यंतच्या जोडण्या लहानपणी कच्च्या असतात. ज्या डोळ्याकडून संदेश येत राहतात, त्याच्या जोडण्या तिथली प्रथिने घट्ट करतात. ज्याच्याकडून येत नाहीत, त्याच्या सैल पडतात आणि ती जागा दुसरा डोळा घेतो. मेंदूतला नकाशा असा ठरत जातो.

आबा म्हणाले, "म्हंजी भाऊबंदकीच की. ह्यो पडीक ऱ्हायला, म्हनून त्यो बांध कोरून आत आला."

चुलतभावाने आबांच्या पडीक तुकड्यात हेच केले होते.

"मग मोजणी कवा हाय?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "हद्द कधीपर्यंत हलवता येईल, असं विचारताहेत."

"सात-आठ वर्षांची होईपर्यंत. पुढे कठीण."

घरी गेल्यावर उजवा डोळा झाकला तशी मुलीने रडून गोंधळ घातला. दाराच्या चौकटीवर आपटली, चहा सांडला. आबांनी तिच्यापुढे तुरीच्या डाळीचे ताट ठेवले.

"आबा, खडे दिसतच नाहीत."

"दिसत्याल. ताबा सोडू नको."

"मला नको ताबा!"

"तुला नको, मला हाय. निवड."

त्या काळात आमच्या वरणात खडे असत. नवरा तक्रार करी, आबा म्हणत, "गप गिळ. केस चालू हाय."

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा शेवटची पट्टी निघाली. ती डाव्या डोळ्याने बरेच वाचू लागली होती. तक्त्याच्या तळच्या दोन ओळी मात्र येत नव्हत्या, आणि त्या आता येणार नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले.

परतताना नगरच्या स्टँडवर आबांनी तिच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरला. लांबून एक एसटी वळत होती.

"कुठली?"

तिने मान पुढे काढली. वेळ लागला. "दौंड."

आबांना स्वतःला वाचता येत नव्हते. त्यांनी हात न काढता मला विचारले, "बराबर हाय?"

"बरोबर आहे," मी म्हटले. "आपलीच. उठा, जागा मिळायची नाही."