पोळ्या यायच्यात

१९६१ साल, मी एकतीस वर्षांचा. केळीच्या पानावर गरम भात पडला की जो वास सुटतो, त्यानं आजही तेच साल आठवतं. पोरींना प्रदर्शनातल्या आकाशपाळण्यात बसवायचं म्हणून आम्ही साताऱ्याहून बेंगळूरला आलो होतो. पहिल्या रात्री पोरींना मसाला डोसा हवा होता. मी म्हटलं, "प्रवासातनं आलोय, नीट पानावर जेवायचं," आणि सगळ्यांना खाणावळीत नेलं. वाढप्यानं भात आणि पातळ सार वाढलं. मी दटावलं, "दोनच घास खा, पोळ्या यायच्यात." आमच्या पंगतीत पहिल्या भातावर पोळी येतेच. इथं पुन्हा भातच आला, वर सांबार. बायको म्हणाली, "अहो, विचारा तरी." "विचारायचं काय त्यात? येणारच!" शेजारचे लोक भाताचे डोंगर संपवत होते आणि मला कळेना, हे पोळीला जागा कुठं ठेवतायत. वाढपी "स्वल्प अन्न, अण्णा?" म्हणत भाताची बादली पुढं करी, मी हात आडवा धरी. मग ताक आलं आणि लोक पानं मिटून उठले. धाकटीनं विचारलं, "बाबा, पोळ्या दुसऱ्या हॉटेलात गेल्या का?" बायकोनं तोंडाला पदर लावला. मी अजूनही म्हणतो, त्यांनी जेवण अर्धंच वाढलं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सगळ्यांना डोशाच्या हॉटेलात नेलं, आणि डोसे समोर आल्यावर एवढंच म्हणालो, "पोटभर खा. आता मागून काही यायचं नाही."