काचेतलं कडं

एकोणीसशे सतरा साली पुना ज्या आगबोटीत चढला होता, ती कोकण किनाऱ्याच्या खडकांवर फुटली. लढाईसाठी खेचरं घेऊन बसऱ्याला निघालेली बोट. खेचरं सांभाळायला धुळ्याकडचे गडी, त्यांतला एक पुना. प्रेत सापडलं नाही, म्हणून पुना मेला नाही, असं गावानं ठरवलं. त्यामुळे त्याची बायको मंजुळाबाई ना सवाष्ण, ना विधवा. लग्नात तिला हळदीला बोलावत. नवरीला हात लावायची वेळ आली की कुणीतरी तिला पाणी आणायला पिटाळी.

आता बारा वर्षं भरली. रिवाजाप्रमाणे गवताचा पुतळा करून जाळायचा, म्हणजे पुना एकदाचा मरणार होता. त्या पुतळ्यावर त्याची एक तरी खरी वस्तू असावी, असं मंजुळाबाईच्या मनात होतं. कापसाच्या कामानं बंदरावर गेलेल्या गावातल्या मुख्तारभाईंनी सांगितलं, तिथं फुटलेल्या बोटींचं सामान मांडलंय, त्यात चांदीचं कडं आहे, एका अंगानं चेपलेलं. पुनाचं कडं बैलाच्या शिंगानं चेपलं होतं. धाकटा दीर अभिमनला घेऊन ती निघाली.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. पुनाच्या बोटीच्या कप्तानाची दुर्बीण, कप्तानाचा कप, कप्तानाच्या कुत्र्याचा गळपट्टा. त्याखाली कुत्र्याचं नाव, जात, वय. शेवटच्या कपाटात कडं. खाली चिठ्ठी : ‘देशी दागिना’. अभिमननं सगळं वाचून दाखवलं, कुत्र्यासकट.

“हाई मना नवरानंच कडं शे,” मंजुळाबाई म्हणाली. “द्या.”

देखरेख करणारे गृहस्थ सभ्य होते. “बाई, ही सरकारी मालमत्ता. पाहा हवं तितका वेळ.”

“मंग त्यानं नाव लिखा. कुत्रानं नाव लिखेल शे.”

“कुत्रा बोटीवर होता, याचा पुरावा आहे. तुमचे यजमान होते, याचा काय?”

तिचं डोकं फिरलं. गावात पुराव्यावाचून तो मेला नव्हता. इथं पुराव्यावाचून तो बोटीत चढलाच नव्हता. आणि दोन्हीकडची माणसं सभ्य.

तिनं तळहातानं कपाळाचं कुंकू खरडून पुसलं आणि तो हात कड्यावरच्या काचेला फासला.

“वहिनी!” अभिमन ओरडला. “गाव काय म्हनी? पुतळा व्हवाना शे आजून!”

“पुतळा तू कर, तूच जाळ. मना नवरा आज मरी गया. आठेच, ह्या काचम्होरे. गावले मी इचारत नही.”

गृहस्थांनी फडकं पुढं केलं. “बाई, आधी काच पुसा.”

“आधी नाव लिखा,” ती म्हणाली आणि कपाटासमोर फतकल मारून बसली.