तीन ठोके, मग दोन

शाळेत तीस वर्षं मी मराठी शिकवलं आणि कवितेच्या मात्रा मोजायला लावून पोरांना रडकुंडीला आणलं. निवृत्तीनंतर धुळ्यातल्या घरी दर रविवारी दुपारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या आठ-दहा जणांचा वाचनवर्ग घ्यायला लागले. आम्ही बायबलमधल्या जुन्या हिब्रू संदेष्ट्यांच्या कविता वाचायचो. मोबाइलवरच्या धड्यांतून मी हिब्रू अक्षरं शिकले होते, अडखळत का होईना मूळ ओळी वाचता यायच्या, त्यामुळे वर्गात माझा शब्द शेवटचा असे. हे मला फार आवडायचं.

चाळीसगावकडच्या खेड्यातून नाना आणि अक्का हे शेतकरी जोडपं एसटीनं यायचं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं फैजपूरच्या, मंडळीबाहेरच्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं होतं. तेव्हापासून नाना तिच्याशी बोलत नव्हते. अक्कांनाही बोलू देत नव्हते.

नाताळच्या आधी आम्ही एक अवघड कविता घेतली. तिच्यात कवी बाप होऊन एका नगरीला मुलगी म्हणतो, तिला बोल लावतो आणि तिचं सगळं संपलं म्हणून सांगतो. माझ्याकडच्या जाड टीकाग्रंथात एक टीप होती: यातली बहुतेक प्रत्येक ओळ दोन तुकड्यांची आहे, पहिल्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोनच, आणि हे माप मयताच्या गाण्याचं आहे. टीप मी वाचली आणि पान उलटलं. ठोके-बिके परीक्षेपुरते, अर्थाशी त्यांचा काय संबंध! जन्मभर वृत्तं शिकवलेली बाई मी, आणि मलाच असं वाटलं.

मी वर्गाला ठणकावून सांगितलं, की हा निकाल आहे. बापानं मुलीला तोडलंय, विषय संपला.

नाना पुढे सरकले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "बाई, मनी पोर नाताळले येस म्हने. येऊ देऊ का?"

"कविता काय सांगतेय, नाना? मी वेगळं काय सांगणार?" मी म्हटलं. अंगात शहाणपण संचारलं होतं.

अक्का कधी वर्गात बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "पन बाई, हाई ऐकीसन माले रडू का बरं येस?"

"रडू नका अक्का, अर्थ समजून घ्या," मी म्हणाले. नानांनी त्याच संध्याकाळी मुलीला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

चार वर्षांनी अक्का गेल्या. दोन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त झालं. मी गावी पोचले तेव्हा अंगणात बायका प्रेताभोवती बसल्या होत्या आणि मुलगी आली होती. तिनं आईच्या छातीवर डोकं ठेवून हेल काढला.

"माय वं, माले सोडीसन कशी गयी, बोल ना वं! चार वरीस वाट देखाले लाई, कसाले वं!"

मयताच्या घरचं असं मोठ्यानं रडणं मला कधीच आवडलं नाही. मी नाक मुरडूनच बसले होते. पण सवयीनं माझं बोट मांडीवर चालायला लागलं. तीन ठोके, श्वास तुटायचा, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. पोर आईला बोल लावत होती, भांडत होती, आणि तिथं बसलेल्या एकाही बाईला तो राग वाटला नाही. मेलेल्या माणसाशी आपल्याकडे असंच रडत भांडतात. ज्या कवितेला मी निकाल म्हणाले होते, तिच्यातला बाप पोरीच्या मयतापाशी बसून रडत होता. टिपेत तेवढंच तर लिहिलं होतं.

दफन झाल्यावर मी नानांना ओट्यावर गाठलं. "नाना, ती कविता मी चुकीची सांगितली. तो बाप मुलीला तोडत नव्हता, तिच्यासाठी रडत होता. तुम्ही मुलीला येऊ द्यायला हवं होतं."

त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "माले सांगीसन काय उपेग, बाई? तिले सांगा."

मुलगी आत चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं, टीप, निकाल, फोन. तिच्या आईला ती कविता माझ्याआधी कळली होती, ऐकताना तिला रडू आलं होतं, हेही सांगितलं. सांगितल्यानं तिला बरं वाटेल असा माझा मूर्खपणा.

तिनं मान वर केली. "मनी माय रडनी? तुमनासमोर?"

"हो."

"मंग तुम्हीन काय करं?"

खोटं सांगायला जागा नव्हती. "मी पुढची ओळ वाचायला घेतली," मी म्हणाले.