यूम्नाच्या गाडीचा पंखा

सुकापुरातल्या एका इमारतीखाली रविवारी सकाळी कुणाची ना कुणाची गाडी बॉनेट उघडून उभी असायची, आणि तिच्यात कमरेपर्यंत वाकलेले इक्बाल मुकादम दिसायचे. इक्बाल काही मेकॅनिक नव्हते. कुवेतला एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांची चोवीस वर्षं गेली. गाड्यांचा नाद मात्र तिथलाच. शुक्रवारची सुट्टी खायला उठायची. नमाज झाली, जेवण झालं की पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसायचं. त्यांच्या खोलीत आनंदा नावाचा कागलकडचा ड्रायव्हर होता. तो कॅम्पच्या आवारात लोकांच्या गाड्या दुरुस्त करत बसायचा. इक्बाल आधी नुसते बघत उभे राहिले, मग पाने उचलून देऊ लागले, आणि दोन-तीन वर्षांत स्वतः गाडीखाली शिरू लागले.

आनंदानं त्यांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती, ‘हात लावायच्या आधी विचारायचं. कधी होतं, कुठे होतं, गरम असताना होतं की थंड असताना.’

म्हणून ओवे गावचे काशिराम आपली जुनी व्हॅन धक्का मारत घेऊन आले, तेव्हाही इक्बालनी आधी विचारलं, "काय होतंय?"

"नुसती टकटक करते, इक्बालभाय. सुरूच होत नाय. आमी दोन दिस धक्का मारतोय. तिकडं एक जन म्हनला सेल्फ गेला, नवीन टाकाया लागंल."

"चावी फिरवली की दिवे मंद होतात?"

"व्हतात ना."

इक्बालनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. बायको फरिदाकडून उकळतं पाणी मागवून त्यांनी तो थर धुतला, तारेच्या ब्रशनं टोकं घासली, पट्ट्या आवळल्या. पहिल्या चावीला व्हॅन सुरू झाली.

"सेल्फ चांगला आहे तुमचा. करंटच पोचत नव्हता," इक्बाल म्हणाले.

त्या संध्याकाळी काशिरामांकडून जिताडा मासा आला. फरिदा तो साफ करता करता म्हणाली, "लोकांच्या गाड्यांना इतकं विचारता. घरात कधी कुणाला एवढं विचारलंत?"

तिचा रोख यूम्नाकडे आहे, हे इक्बालना कळलं.

यूम्ना त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी ते कुवेतला होते. दर दोन वर्षांनी महिन्याभराची रजा मिळायची. पहिल्या रजेला ती फरिदाच्या ओढणीमागे लपली आणि ‘ते कधी जाणार?’ असं विचारून मोकळी झाली. पुढच्या रजांमध्ये ती लपत नसे, पण जवळही येत नसे. बापलेकीला बोलायला विषयच नव्हता. ती अकरा वर्षांची असताना एका रजेत इक्बालनी जुनी गाडी घेतली, आणि बॉनेटखाली उजेड धरायला कुणीतरी हवं म्हणून तिला बोलावलं. ती रोज टॉर्च धरून उभी राहायची. इक्बाल काम करता करता बोलत राहायचे, हा फिल्टर, हा बेल्ट, हा रेडिएटर. ती हूं की चूं करायची नाही. पोरीला कंटाळा येत असणार, केवळ धाकानं उभी आहे, असं त्यांना वाटायचं. रजा संपली. पुढच्या रजेला तिची शाळा, क्लास, मैत्रिणी होत्या, आणि टॉर्च इक्बालनी स्वतःच दातांत धरला.

ते कायमचे परत आले त्याच वर्षी यूम्नाचं लग्न झालं आणि ती हमझाबरोबर दोह्याला गेली. इतकी वर्षं ते तिथे नि ती इथे होती. आता ते घरी आले, तर ती तिथे.

फोन यायचा तो फरिदाला. शेवटी यूम्ना विचारायची, "अब्बा कसे आहेत?" फरिदा फोन पुढे करायची. "बरा आहे," इक्बाल म्हणायचे. "तू बरी आहेस ना? हिबा बरी आहे?" लेकीची नि नातीची एवढी चौकशी झाली की फोन परत फरिदाकडे.

गेल्या जूनमधल्या एका दुपारी मात्र फोन थेट इक्बालना आला.

"अब्बा, गाडी गरम झालीये. काटा पार वर गेला. हमझा ड्युटीवर आहे, त्याचा फोन बंद आहे. कंपनीचे मदतवाले तास-दीड तास लागेल म्हणतात."

"हिबा कुठे आहे?"

"पेट्रोल पंपावरच्या दुकानात बसवलीये, एसीत. मी गाडीपाशी आहे."

"इंजिन बंद केलंस?"

"केलं."

"रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. काहीही झालं तरी. वाफ येतेय? खाली पाणी सांडलंय?"

"नाही. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणीपण खुणेपर्यंत आहे."

बाटली बघायची हे त्यांनी अजून सांगितलंही नव्हतं. इक्बालनी पुढचं विचारलं, "काटा कधी चढला? मोकळ्या रस्त्यावर, की थांबल्यावर?"

"सिग्नलला थांबलं की चढायचा. पळायला लागली की उतरायचा. आणि थांबल्यावर एसीपण गरम हवा मारत होता."

"पळताना वारा लागतो, थांबल्यावर पंखा. तो फिरत नसणार. थोडी थंड होऊ दे."

वीस मिनिटं दोघं फोनवर थांबून राहिली. मग इक्बालनी तिला इंजिन सुरू करून एसी लावायला सांगितला. तिनं व्हिडिओवर पंखा दाखवला. तो निपचित होता.

"बंद कर. बॅटरीशेजारी काळी पेटी आहे, तिचं झाकण काढ. झाकणाच्या आत नकाशा असेल."

"फ्यूज आणि रिले. माहितीये मला, अब्बा."

पंख्याचा फ्यूज तिनं काढून दाखवला. तो शाबूत होता. मग रिले, पंख्याला करंट सोडणारी ती काळी चौकोनी डबी. हॉर्नच्या रिलेवर तोच नंबर आहे का, इक्बालनी विचारलं. होता. तिनं दोन्ही डब्या ओढून काढल्या, आणि हॉर्नची पंख्याच्या जागी बसवली. इंजिन सुरू झालं, एसी लागला, आणि पंखा घरघरत फिरू लागला. तो आवाज सुकापुरातल्या खोलीत फरिदालाही ऐकू आला.

"आज हॉर्न वाजणार नाही," इक्बाल म्हणाले. "सांभाळून जा. उद्या नवीन रिले टाकून घे."

"अब्बा," यूम्ना म्हणाली, "तुम्ही टॉर्च धरायला लावायचात ना, तेव्हा मला हे सगळं पाठ झालं होतं. तुम्ही गेल्यावर मी एकटीच गाडीपाशी जाऊन म्हणायचे."

"पोचलीस की फोन कर," एवढंच इक्बाल म्हणाले.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी तिचा फोन येऊ लागला. ब्रेक दाबल्यावर किरकिर वाजतंय, खड्ड्यातून गेल्यावर डावीकडून खडखड येतेय. ती फोन चाकापाशी धरायची, इक्बाल डोळे मिटून ऐकायचे. "पॅड झिजलेत." "चाकाच्या लिंकचा रबर गेलाय." त्यांचं निदान बहुतेक बरोबर निघायचं. त्या फोनची ते वाट पाहू लागले. दुपारी जरा डोळा लागला तरी मोबाईल छातीवर असायचा.

डिसेंबरात हमझानं जुनी गाडी देऊन विजेवर चालणारी नवी गाडी घेतली. यूम्नानं हौसेनं दाखवली. "ऐकू येतंय, अब्बा? चालू आहे."

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर. आवाजच नाही हिला."

"छान आहे," इक्बाल म्हणाले.

जानेवारीत तिचे दोनच फोन आले, तेही फरिदाला. एके दुपारी इक्बाल खाली जाऊन आपल्या गाडीत बसले. काम काहीच नव्हतं. बराच वेळ मोबाईल हातात धरून त्यांनी स्वतः यूम्नाला फोन लावला. असं त्यांनी आजवर केलं नव्हतं.

"अब्बा? काय झालं? अम्मी बरी आहे ना?"

"बरी आहे. काही झालं नाही. असाच केला."

मग इक्बालनी विचारलं, "काय चाललंय हिबाचं?"

"आज तिचा पुढचा दात पडला. शाळेतच. रुमालात बांधून आणलाय."

इक्बाल थोडं हसले. मग त्यांनी विचारलं, "तुझा पहिला कधी पडला होता गं?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा."

"हो. म्हणून तर विचारतोय."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी दुसरीत होते," ती सांगू लागली. "पेरू खात होते, अम्मी नळावर गेली होती..."

इक्बालनी गाडीच्या काचा वर केल्या आणि फोन कानाशी घट्ट धरला.