बर्फातली शहापुरी साडी

बायकोनं आज ट्रंकेतली लोकरी टोपी काढली आणि तंबाखूचा वास सुटला. निपाणीत आम्ही लोकरीला कसर लागू नये म्हणून तंबाखूचं पान घालून ठेवतो. त्या वासानं मी थेट आल्प्समध्ये जाऊन आपटलो.

मुलानं आम्हाला बर्फावर घसरायला नेलं होतं. बायको गरम पँटीवर शहापुरी साडी नेसून नवशिक्यांच्या सोप्या उताराकडं निघाली. लोक वळून बघायला लागले, तसा मी चार पावलं पुढं झालो. एका गोऱ्यानं विचारलं, "या तुमच्याबरोबर आहेत?"

"नो, नो!" म्हणालो आणि ऐटीत पट्टीच्या लोकांच्या उतारावर गेलो.

पुढचं बर्फालाच ठाऊक. गडगडत खाली, नवशिक्यांच्या पोराटोरांत येऊन थांबलो, पाय आभाळाकडं. शिकवणाऱ्या बाईनं बायकोला खुणेनं विचारलं, हा कोण? मघाचं माझं 'नो' बायकोनं ऐकलं होतं. तिनं पदर खोचला.

"आमचं मालक हाईत!" तिनं मराठीतच ठणकावलं आणि मला बखोटीला धरून उठवलं.

आज तीच टोपी माझ्या कानांवर ओढत ती म्हणाली, "घाला, गारठा लई हाय."

त्या 'नो'बद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही. एकदा कडाडून भांडली असती, तर सुटलो असतो.